परग्रहावरच्या राक्षसाला बोलता का येत नाही?

हॉलिवूडच्या एलियनला दात असतात, जबड्यात आणखी एक जबडा असतो, चिकट लाळ असते. भाषा तेवढी नसते. गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका मॉलमध्ये मुलांसोबत असाच एक हिंदीत डब केलेला सिनेमा पाहिला. दोन तास ते प्राणी भिंतींतून, गटारांतून, छतातून शेकड्यांनी निघत होते आणि मरत होते. एकही जण एक शब्द बोलला नाही. कुठून आले, का आले, मागे घरी कोण आहे, काही नाही. मुलांना मजा आली, माझं त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते असा मुका राक्षस लिहिणाऱ्यांशी, आणि ‘अहो, करमणूक आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्यांशी.

आपल्या मातीतला राक्षस मुका नव्हता. वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून असे प्रश्न विचारतो की राजाला घाम फुटावा. रावणाला वंश आहे, विद्वत्ता आहे. बळी तर असुर. पण दिवाळीच्या पाडव्याला त्याचंच राज्य परत यावं म्हणून मराठी शेतकऱ्याच्या घरात मागणं मागतात. आणि माझी दादी, रत्नागिरीकडची, तिच्या गोष्टींत जिन असायचे. जिन माणूस नाही, मातीचा नाही, आगीपासून बनलेला. पण त्यांची लग्नं होतात, पोरंबाळं असतात, त्यांच्यातही नेक आणि बद असतात, आणि कयामतच्या दिवशी हिशेब त्यांनाही द्यावा लागतो. संध्याकाळी मोरीत गरम पाणी ओतण्याआधी दादी ‘बिस्मिल्लाह’ म्हणायची. न जाणो, तिथे एखाद्या जिनाचं मूल खेळत असलं तर भाजेल! ज्याला ती आयुष्यभर घाबरली, त्याच्याच पोराची तिला काळजी होती. कोट्यवधी डॉलर खर्चून बनवलेल्या सिनेमात मला एवढी कल्पनाशक्ती दिसत नाही.

मराठी विज्ञानकथेला ही अक्कल होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या (आज चुनाभट्टीला जिचं विज्ञान भवन आहे ती) कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली आणि पहिली आली. आद्याक्षरं उलटी केली की लेखक सापडतो: जयंत विष्णू नारळीकर. याच नारळीकरांनी पुढे परग्रहावरून पृथ्वीवर पाठवल्या गेलेल्यावर कादंबरी लिहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रेषित’. मराठी मुसलमानाला हे नाव वाचून थबकायला होतं. पैगंबरसाहेबांसाठी आपण मराठीत हाच शब्द वापरतो. आमच्या नात्यातल्या एका चाचांनी मुलुंडच्या वाचनालयातून ते पुस्तक सीरतचं समजून घरी आणलं, आणि खरं कळल्यावरही पूर्ण वाचूनच परत केलं. आकाशातून येणाऱ्याला पहिली हाक ‘राक्षस’ अशी न मारता ‘पाठवलेला’ अशी मारायची, ही साधी गोष्ट नाही.

‘पण धोका दाखवायला नको का?’ जरूर दाखवा. एच. जी. वेल्सने १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये दाखवलाच. पण पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला बजावतो की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं आपण काय केलं ते आठवा. त्याच्या मंगळवाल्यांना कारणही आहे, त्यांचा ग्रह थंड पडत चाललाय. इंग्रजाला त्याने त्याचंच साम्राज्य उलट्या बाजूने दाखवलं. लोकांना लक्षात राहिली ती तीन पायांची यंत्रं.

शंभर वर्षांनी, १९९६च्या ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष परग्रहवाशांना टोळांची उपमा देतो. टोळांशी बोलायचं नसतं, फवारायचं असतं. २०१८ साली आपल्याकडच्या एका बड्या नेत्याने घुसखोरांना वाळवी म्हटलं. किडा बदलला, इलाज तोच.

आणि ‘परग्रहवासी’ मधला तो ‘पर’ मुंबईकराला नवा आहे का? परप्रांतीय, परधर्मीय, परग्रहीय! साठच्या दशकात हा ‘पर’ दाक्षिणात्यांना चिकटवला गेला, २००८ साली उत्तर भारतीयांना. आमच्याकडे तो कायमचा भाडेकरू आहे, आम्हाला भाड्याने घर मिळो न मिळो. अंधेरीत घर शोधताना एका सोसायटीच्या सभासदाचं म्हणणं एजंटने मला जसंच्या तसं ऐकवलं होतं: ‘एक घुसला की दहा होतात.’ गृहस्थ शिकलेले, मला कधीही न भेटलेले. सिनेमा पाहून त्यांनी हे ठरवलं असं मी म्हणत नाही. पण पटकथा तीच आहे ना? चेहरा नाही, नाव नाही, बोलणं नाही, नुसती वाढणारी संख्या.

आता आपल्या घरचंही ऐका. उडत्या तबकड्या दज्जालच्या, बर्म्युडा त्रिकोणात त्याचा अड्डा, मागे यहुद्यांचा कट, असले व्हिडिओ आपल्या फॅमिली ग्रुपवर फजरनंतर लगेच येऊन पडतात. तिथेही एका अख्ख्या कौमेला चेहरा नसतो, फक्त कारस्थान असतं. सोसायटीवाल्याला शिव्या देणारे भाऊजान हे व्हिडिओ मात्र मन लावून पुढे पाठवतात.

बोलणारा राक्षस भीतीदायक राहत नाही, हा तर निव्वळ गैरसमज. २००९चा ‘डिस्ट्रिक्ट ९’ बघा. केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ साली फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि तिथल्या साठ हजारांवर माणसांना हुसकावलं, त्या इतिहासाची सावली या सिनेमावर आहे. त्यातले एलियन जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत राहतात, बोलतात, आपल्या पोराला जपतात. अंगावर काटा येतो तो एका साध्या कारकुनामुळे, जो दारोदार जाऊन त्यांच्याच बेदखलीच्या कागदावर त्यांची सही घेत फिरतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या संमतीपत्रावर घाईघाईने अंगठे घेतलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना उपनगरात बसून हा सिनेमा वेगळा समजवावा लागणार नाही.

तेव्हा मराठीत लिहिणाऱ्या नव्या पोरापोरींनो, तबकडी खुशाल आरे कॉलनीत उतरवा, तिला आठ पाय द्या, लाळ द्या. पण दार उघडल्यावर त्याला दोन वाक्यं बोलू द्या, आणि मग बोरिवलीत वन बीएचके शोधायला पाठवा. तो काय खातो, हे सोसायटीवाले विचारतीलच.