हक्क बापाचा, खर्च आईचा

दाभोळ बंदरावर मासळी विकून मुलगा वाढवणारी एक बाई माझ्याकडे आली. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार थाटलेला. कोर्टाने मुलासाठी दरमहा ३००० रुपये पोटगी ठरवून दिली होती. २२ महिने दमडी आली नाही. वसुलीचा अर्ज करायचं ठरलं, तसा त्याचा निरोप आला, "पैसे मागशील तर पोरगा घेऊन जाईन. बाप आहे मी." वाडीतली जाणती माणसंही म्हणाली, "बाप तो बापच."

हा माज येतो कुठून? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ बघा. नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. बाप मुलाकडे बघतच नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक ठरू शकते, हे सांगायला सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा गीता हरिहरन निकाल यावा लागला. याच कलमानुसार बापाने धर्म सोडला किंवा संन्यास घेतला, तर त्याचं पालकत्व जातं. म्हणजे भगवी वस्त्रं नेसून गेला तर हक्क गेला, पोराला उपाशी टाकून गेला तर शाबूत! ताबा देताना कोर्ट मुलाचं हित पाहतं, हे खरं. पण ते पटवून द्यायला धंदा बुडवून दापोलीच्या फेऱ्या मारायच्या बाईनेच.

थकबाकीचंही तसंच. पूर्वीचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत हवा. या बाईचे आधीच्या दहा महिन्यांचे ३०,००० रुपये तिथेच अडकले.

काही मैत्रिणी म्हणतात, असल्या बापाचं नातंच कायद्याने तोडा. अमेरिकेत अनेक राज्यांत तशी सोय आहे. मला ते पटत नाही. नातं तुटलं की पुढच्या पोटगीतूनही तो सुटतो. त्याला तेच हवं असतं! शिवाय मुलाचा वारसा का बुडवायचा?

म्हणून मागणी नेमकी करू या. ऐपत असून जाणूनबुजून पोटगी बुडवणाऱ्याचं पालकत्व थकबाकी फिटेपर्यंत स्थगित व्हावं. देणं कायम, मुलाचा वारसा कायम. ज्याला खरोखरच काम नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याने कोर्टात येऊन तसं सांगावं.

तोवर प्रत्येक गटाने पोटगीची वही ठेवावी. कुणाचं थकलेलं वर्ष उलटू देऊ नका. आमच्या बाईने अर्ज केला आहे. तारखेला ती एकटी जाणार नाही.