न्हाणीघरापर्यंतची दहा पावले

म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवायचे, हे काम दिवसातून किती वेळा करावे लागते, ते ज्याच्या घरी आजारपण आहे त्यालाच ठाऊक. सेवेकऱ्यांच्या कमरा यातच जातात. जपानमध्ये दर दहांत जवळजवळ तिघे पासष्टीच्या घरात किंवा पुढे. मग हे काम यंत्रमानवाने करावे, असे तिथे वाटले तर नवल नाही.

‘रिकेन’ या संशोधन संस्थेने २०१५ साली अस्वलाच्या तोंडवळ्याचा ‘रोबेअर’ दाखवला. माणसाला दोन्ही हातांवर अलगद उचलणारा, स्वतःचे वजन १४० किलो! छायाचित्रे जगभर छापून आली. रोबेअर मात्र प्रयोगापुरताच राहिला. (एवढे धूड दोन खोल्यांच्या घरात ठेवायचे तरी कुठे?) जपान २००८ पासून इंडोनेशियातूनही सेवेकरी आणतो आहे.

खरे तर आजींना कोणी उचलायला नकोच असते. त्यांना स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जायचे असते. त्यासाठी जपानचीच दुसरी, कमी गाजलेली सोय पाहावी. २००० साली सुरू झालेल्या सेवाविम्यातून भिंतीला आधाराचे दांडे बसवायला, उंबरठे काढून टाकायला दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाचा बराचसा भाग मिळतो. मुले परदेशी असलेल्या आपल्याकडच्या किती घरांत असा एक तरी दांडा आहे?