नंदीच्या पाठीवरची सावली

परवा जामसांवलीला जाऊन आलो. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हे गाव ठाऊक नसेल, म्हणून आधी पत्ता सांगतो. मध्य प्रदेशात सौंसरजवळ निजलेल्या मारुतीचं हे ठिकाण. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका छिंदवाड्यातून निघून त्यात आला. राज्य हिंदी, पण घरात बोलणं मराठी. आपण जसे अर्धं वाक्य कानडीत आणि अर्धं मराठीत बोलतो, तशी तिकडे हिंदीची मिसळ. माझी आतेबहीण त्या भागात दिलेली आहे.

दर्शन करून तिच्याकडे जेवायला गेलो. हात धुतो न धुतो तोच भाच्याने मागच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून चाळीस-पन्नास लाकडी नंदी उभे, सगळे कोरे. विदर्भात आणि त्याला लागलेल्या या पट्ट्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत मिरवतात. आपल्याकडच्या मण्णेत्तिन अमावास्येला जसे मातीचे बैल, तसे तिकडे हे लाकडाचे. भाचा सुताराकडून कोरे नंदी घेतो, रंगवतो आणि विकतो. यंदा त्याला ब्रश सोडून फवाऱ्याने रंगवायचे होते. पोटाखाली गडद, पाठीवर फिकट, वशिंडावर हलकी सावली, अशी छटा ब्रशने लवकर जमत नाही हे खरंच आहे.

त्याने गाड्या रंगवणाऱ्या एका मित्राची गन आणि उरलेला मोटारीचा रंग आणून ठेवला होता. "मामाजी, हे चालन का?" खोलीला एकच खिडकी, पलीकडे स्वयंपाकघर, आणि त्याची दोन वर्षांची मुलगी एका नंदीचं शिंग चोखत बसलेली. मी म्हटलं, "नाही रे बाबा. आधी तो डबा बाहेर ने."

रंगापासूनच सुरुवात करू, कारण नवशिका नेमका इथे चुकतो. तो आधी गन बघतो आणि रंग मागाहून, मिळेल तो. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. मोटारीचे, यंत्रांचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि गेलेलं परत येत नाही. मारुतीला लावायचा जुना, खरा शेंदूर म्हणजेही शिशाचा ऑक्साइडच. देवाच्या अंगावर तो शोभतो, पण पोर तोंडात घालणार त्या वस्तूवर तो नको. दुसरी गोष्ट थिनरची. थिनरची वाफ पेट घेते, आणि भिंतीपलीकडे गॅसची शेगडी होती.

तेव्हा नवशिक्याने पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्यावा. डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं आहे का ते वाचून घ्यावा. शाळेतला पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण त्याची पूड जाड असते, नळी तुंबते आणि वाळल्यावर बोटाला लागतो. एअरब्रशसाठी पातळ करूनच बाटलीत भरलेले रंग मिळतात, पहिले दोन महिने तेच वापरणं शहाणपणाचं. ट्यूबमधला ॲक्रिलिक असेल तर पाणी घालून जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. किती पातळ? मी लहानपणी गणपतीच्या कारखान्यात घुटमळायचो, तिथले म्हातारे रंगारी कानडीत म्हणायचे, "हालिनंग इरबेकु." दुधासारखा हवा. कपाच्या कडेला लावला की ओघळावा आणि मागे पातळ थर राहावा. त्याहून चांगलं माप मला अजून सापडलेलं नाही.

आता गन. एका प्रकारात खटका दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात, त्याला सिंगल ॲक्शन म्हणतात. दुसऱ्यात खाली दाबलं की नुसती हवा, आणि खटका मागे ओढाल तसा रंग, तो डबल ॲक्शन. दुकानदार नवशिक्याला पहिला देतात, सोपा म्हणून. माझं मत उलट आहे. बोटाला एकदा लागलेली सवय मोडणं कठीण, म्हणून पहिल्या दिवसापासून डबल ॲक्शनच धरावा. हवा आधी सुरू, रंग मागून. थांबताना रंग आधी बंद, हवा शेवटी. आणि खटका सावकाश ओढायचा. (हा 'सावकाश' आपल्या दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे घरात कोणालाही सांगता येतो.) रंगाची वाटी वर असलेला घ्यावा. त्यात रंग आपोआप खाली उतरतो, हवेचा दाब कमी पुरतो आणि धुणं सोपं. तोंडाचं भोक ०.२ मिलिमीटरचं बारीक रेषांसाठी असतं, त्याच्या मोहात पडू नये. सोनेरी रंग त्यात हमखास अडकतो. भाच्याला मी ०.५ सांगितलं. एखादं चित्र किंवा छोटी मूर्ती करायची असेल तर ०.३ पुरे.

पैसे खरे घालायचे ते कॉम्प्रेसरला. हातात मावणारे, चार्जिंगवर चालणारे छोटे पंप केकवर आणि नखांवर चालतात, पन्नास नंद्यांपुढे दम तोडतात. पंक्चरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर किंवा जुन्या फ्रिजचा काढलेला, या दोन्हींत तेलाचे थेंब हवेबरोबर येतात. तेल न लागणारा, तीनेक लिटरची टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर घ्या. टाकी नसेल तर हवा धडधडत येते आणि छटेत पट्टे पडतात. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारी काचेची वाटी त्यावर हवीच. पोळा येतो श्रावणी अमावास्येला, म्हणजे भर पावसात. दमट हवा दाबली की नळीत पाणी साचतं आणि नेमकं नंदीच्या कपाळावर थुंकतं! वाटीतलं पाणी रोज सोडून द्यावं. छटेसाठी दाब १५ ते २५ पीएसआय, अंतर चार बोटं.

रघुवीर मुळगावकरांची (१९१८ ते १९७६) जुन्या दिवाळी अंकांवरची चित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ती लोण्यासारखी कांती आठवत असेल. एअरब्रशवर त्या माणसाचा हात बसला होता. तो हात बसायला वर्तमानपत्राची रद्दी लागते. आधी ठिपके, मग रेषा, मग एका कडेकडून विरत जाणारी पट्टी. नंदीला हात त्यानंतर. झूल रंगवायची तर पुठ्ठ्याचा साचा कापून घ्यावा. डोळे मात्र ब्रशनेच आखावेत.

तोंडाला मास्क पाण्याच्या रंगालाही हवा. तुषार कशाचाही असो, फुप्फुसात जातोच. साधा रुमाल उपयोगाचा नाही, धूळ अडवणारा मास्क आणा. थिनरच्या वाफेला तोही अडवत नाही, त्याला वेगळा कोळशाच्या डबीचा लागतो. आणि काम संपताच, जेवायला उठण्याआधी, गन धुवायची. वाटीत पाणी घालून ते स्वच्छ येईपर्यंत फवारायचं, मग सुई मागून ओढून पुसायची. ॲक्रिलिक एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही.

इकडे आल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, मग मण्णेत्तिन अमावास्येचे बैलही असे रंगवावेत का? ते बैल बहुतेक घरी कोरेच पुजतात आणि नंतर पाण्यात सोडतात. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, ते विहिरीत कशाला? मुलांना हौस असेल तर गेरू आणि हळद द्या.

भाच्याने मोटारीचा डबा मित्राला परत केला, कॉम्प्रेसर आणला, नंदी अंगणात पत्र्याखाली मांडले. काल त्याचा फोन आला. धुताना सुई हातातून फरशीवर पडली आणि टोक वाकलं. दोन सुया घे असं मी निघताना सांगितलं होतं, त्याने एकच घेतली होती. आता नागपूरहून दुसरी येईपर्यंत बावीस नंदी पांढरेच उभे आहेत.