डेसिबलच्या पलीकडचे बहिरेपण

डोळ्यांना कमी दिसू लागले की माणूस चष्मा लावतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. ऐकू कमी येऊ लागले, की मात्र तो घरात त्राग्याचा आणि चारचौघांत थट्टेचा विषय होतो. त्या थट्टेला भिऊन अनेकजण आपली उणीव लपवितात, न ऐकलेल्या वाक्यालाही मान डोलावतात आणि पुढे पुढे लोकांत जाणेच टाळतात. श्रवणहानीची ही किंमत तपासणीच्या कागदावर सहसा नोंदली जात नाही.

त्या कागदावर असतो तो डेसिबलचा आलेख. शांत खोलीत कोणत्या पट्टीचा सूर किती मोठा केल्यावर ऐकू आला, हे तो सांगतो. निदानासाठी तो अपरिहार्य आहे, यात शंका नाही. परंतु सारखाच आलेख असलेल्या दोघांपैकी एकजण आपले व्यवहार निर्वेध चालवितो आणि दुसरा भरल्या घरात एकाकी होतो, हा भेद त्या रेषांत दिसत नाही. हीच उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील आयरा व्हेंट्री व बार्बरा वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये वृद्धांसाठी २५ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. त्यांतील १३ प्रश्न भावनिक परिणामांचे, तर १२ सामाजिक व्यवहारांचे. 'होय'ला ४ गुण, 'कधी कधी'ला २ आणि 'नाही'ला शून्य. बेरीज जितकी मोठी, तितका जीवनाला बसलेला फटका मोठा. पुढे तिची दहा प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती निघाली आणि १९९० मध्ये तरुण प्रौढांसाठी नोकरी-व्यवसायातील अडचणींचा समावेश असलेली आवृत्तीही आली.

मनाच्या व्यथेला गुण कसले द्यायचे, असा आक्षेप कोणी घेईल. उत्तर देणाऱ्याची मनःस्थिती, संकोच वा अभिमान यांचा परिणाम बेरजेवर होतो, हे खरेच आहे. म्हणून प्रश्नावलीने आलेखाची जागा घ्यावी असे नव्हे, तिने त्याच्या शेजारी बसावे. श्रवणयंत्र देण्यापूर्वी व दिल्यानंतर काही महिन्यांनी तेच प्रश्न विचारले, तर यंत्राने माणूस पुन्हा लोकांत आला की यंत्रच खणात जाऊन पडले, हे कळू शकेल. वाटलेल्या यंत्रांची संख्या जाहीर करून शिबिरे आटोपणाऱ्यांना ही गैरसोयीची माहिती हवी आहे काय?

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्याही डेसिबलवरच उभी आहे. दोन्ही कानांची हानी ६० डेसिबलपासून पुढे असेल, तरच श्रवणदोष दिव्यांगत्व ठरतो. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या अलीकडे राहिलेल्या माणसाचे दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणविषयक पुनर्वसनाची गरज आहे. त्यांतील प्रत्येकाला केवळ यंत्र पुरेसे होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून वाचा व श्रवण यांसाठी वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे. असे दहा प्रश्न शासकीय रुग्णालयांच्या नित्य तपासणीत रूढ करण्यासाठी तिच्या अनुभवाचा उपयोग शासनाने करून घ्यावा. मात्र प्रश्नांचे केवळ शब्दशः भाषांतर चालणार नाही. उपाहारगृहातील गप्पांइतकीच लग्नाची पंगत, कीर्तन आणि पारावरची बैठक विचारात घ्यावी लागेल. त्यासाठी फार पैसा लागत नाही. समोरच्याचे ऐकून घेण्यास दहा मिनिटे मात्र लागतात, आणि ती देण्याची तयारी आरोग्ययंत्रणेने आता दाखविली पाहिजे.