एका गळ्याला एकच स्पीकर पुरे

मंडळी, स्पीकर घ्यायला दुकानात गेलात की विक्रेता आधी काय सांगतो? "साहेब, ह्यात चार ड्रायव्हर आहेत!" जणू आचारी जास्त असले की आमटी जास्त चांगली. १० बाय १२च्या खोलीत छातीएवढे टॉवर उभे करून भीमसेनजी ऐकणारा आमचा मोठा भाऊ हे वाचणार आहेच. दादा, रागावू नकोस, पण मला हे साफ नामंजूर आहे.

माझं म्हणणं सोपं आहे. लहान खोलीत गाणं ऐकायला एकच चांगला फुल-रेंज स्पीकर पुरतो. नुसता पुरत नाही, तर तेवढ्याच पैशांत येणाऱ्या चार तोंडांच्या खोक्यापेक्षा त्यावर गाणं जास्त खरं वाटतं.

तानपुराच घ्या. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झचा. पण तानपुऱ्याचा जीव आहे तो जवारीत, काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जाणाऱ्या त्या झंकारात. आता नेहमीचा टू-वे स्पीकर काय करतो? २ ते ३ हजार हर्ट्झच्या आसपास आवाजाचे दोन तुकडे. खालचा वूफरला, वरचा ट्विटरला. म्हणजे तार एक, पण तिचा निम्मा आवाज मोठ्या पडद्यातून आणि उरलेला एक इंची घुमटातून! आणि ही कापाकापी नेमकी कुठे, तर आपला कान सर्वांत तिखट असतो त्याच भागात.

शिवाय २५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर. वूफर आणि ट्विटरमधलं अंतरही बहुधा तेवढंच. खुर्चीवरून उठून जवळच सतरंजीवर बसलात की दोघांचं आपसातलं गणित बदलतं, आणि त्याबरोबर गायिकेचा आवाजही.

निष्णात माणूस उत्तम क्रॉसओव्हर रचून हे सांभाळतो, नाही असं नाही. बीबीसीचा १९७०च्या दशकातला एलएस३/५ए टू-वेच होता आणि माणसाच्या आवाजासाठी आजही त्याचं नाव घेतात. पण ती मेहनत स्वस्त टॉवरमध्ये कुठून येणार? असं एखादं खोकं उघडून बघा. ट्विटरच्या वाटेत एक कपॅसिटर, संपला क्रॉसओव्हर! चार ड्रायव्हर आणि चकचकीत लॅमिनेट एका किमतीत बसवायचं तर काटकसर कुठेतरी होणारच.

आता दुसरी बाजू. चार इंची स्पीकरला ढोल-ताशा झेपत नाही. बायाची घुमक हवी तर खोकं नीट बांधावं लागतं. आवाज फार वाढवला की एकाच पडद्यावर सगळा भार पडतो आणि गाणं गढूळ होतं. बाजूला बसलेल्याला वरचे स्वर कमी पोचतात. काही फुल-रेंज तर गायकाला चक्क ओरडायला लावतात. तेव्हा रॉक, ऑर्केस्ट्रा किंवा सिनेमातले स्फोट हे तुमचं दैवत असेल तर खुशाल मल्टि-वे घ्या. फक्त चांगला घ्या.

पण आपल्या घरात वाजतं काय? अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं. १९३०च्या दशकातल्या तबकड्यांत ५-६ हजार हर्ट्झच्या वर गाणं जवळजवळ नसतंच, असते ती खरखर. म्हणजे ट्विटरला तिथे काम एकच, खरखर लख्ख ऐकवणं! मग "जुनं रेकॉर्डिंग आहे, ऐकवत नाही" म्हणून हे गायक घरातून हद्दपार. माझा खरा राग ह्यावर आहे. एका स्पीकरच्या व्हॉल्व्ह रेडिओवर ज्या पिढीला गाणं कळलं, तिच्या नातवंडांना दुकानात नमुना म्हणून काच फुटल्याचा आवाज ऐकवतात.

असो. पुढच्या वेळी दुकानात जाताना स्वतःचं गाणं न्या. एक गळा आणि एक तानपुरा, बस्स. डोळे मिटून ऐका आणि तानपुरा एकच आहे ना, तेवढं बघा. ड्रायव्हर मोजायचं काम विक्रेत्यावर सोडा.