नववीचं वेळापत्रक दाखवा

आठवीत गेलेल्या मुलाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आता चित्रकला-बित्रकला पुरे, दहावी झाली की बघू.’ मग तबल्याचा क्लास सुटतो, बालनाट्याच्या तालमी थांबतात, रंगांची पेटी माळ्यावर जाते. दहावीनंतर अकरावी येते आणि तिच्या पाठोपाठ नीट, जेईई, सीईटी. ‘दहावी झाली की’ म्हटलेला तो दिवस बहुतेक घरांत उगवतच नाही. तेरा-चौदा वर्षांचं मूल आतून ढवळून निघत असतं. त्याला उगाच राग येतो, चारचौघांत लाज वाटते, स्वतःबद्दल हजार शंका असतात. नेमक्या त्याच वेळी हे सगळं बाहेर काढायची साधनं आपण त्याच्या हातून काढून घेतो. मला हे फार चुकीचं वाटतं.

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ओळखीतले आईबाप फोन करतात. ‘ताई, ती अमुक शाळा कशी आहे हो? तिथे म्हणे नाटक, सुतारकाम, विणकाम सगळं असतं. घालू का पोरीला?’ माझी मुलगी सातवीनंतर अशाच एका खासगी शाळेत गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर आता ठरलेलं आहे. इमारत, बालवाडीच्या रंगीत भिंती, गॅदरिंगचा व्हिडिओ यांवरून काहीही ठरवू नका. नववीचं वेळापत्रक बघायला मागा.

बालवाडीत, पहिली-दुसरीत कला जपणं कुठल्याही शाळेला अवघड नसतं. मूल गातं, नाचतं, मातीत हात घालतं, आईबाप कौतुकाने फोटो काढतात. कोणी तक्रार करत नाही. खरी ओढाताण आठवीपासून सुरू होते. तेव्हा पालकच शाळेत येऊन म्हणतात, ‘नाटक छान आहे हो, पण गणिताचं काय?’ त्या दबावाखाली जी शाळा नववीतही आठवड्याचे चार-पाच तास कलेला देते, पूर्णवेळ कलाशिक्षक ठेवते आणि त्याचा तास परीक्षेच्या महिन्यातही मोडत नाही, ती शाळा जे बोलते तेच करते. बाकी माहितीपत्रकं सगळ्यांचीच सुंदर असतात.

राज्य मंडळाच्या शाळांवर मला अन्याय करायचा नाही. नववी-दहावीत ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ नावाचा श्रेणी विषय आहे, त्याचं बालभारतीचं पुस्तकही आहे आणि ते वाचण्याजोगं आहे. पण श्रेणी विषयाचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास, हा अनुभव दहावीतल्या कितीतरी मुलांचा आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा तर महाराष्ट्राची जुनी पुण्याई. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. या परीक्षांच्या निमित्ताने गावोगावच्या कलाशिक्षकांनी शाळा सुटल्यावर थांबून, रविवारी वर्ग उघडून मुलांचे हात घडवले. त्या शिक्षकांचं ऋण मोठं आहे. मात्र या परीक्षेचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातात, त्यामुळे पुष्कळ घरांत इंटरमिजिएटचा ग्रेड हाती आला की ब्रश खाली ठेवला जातो. गुण मिळाले, काम झालं.

कलेला शाळेच्या मधोमध बसवण्याचा विचार आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. रवींद्रनाथांनी 1901 मध्ये शांतिनिकेतनची शाळा काढली. तिथे झाडाखालच्या वर्गाइतकंच गाणं आणि नाटक महत्त्वाचं होतं. शास्त्रीय संगीत शिकवायला पंडित भीमराव शास्त्री आपल्याकडूनच तिथे गेले होते. 1919 मध्ये तिथे कलाभवन सुरू झालं, आणि पुढे नंदलाल बोस यांनी ते घडवलं. त्याच 1919 साली जर्मनीत श्टुटगार्टला एमिल मोल्ट या कारखानदाराने रुडॉल्फ स्टायनर यांना आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढून द्यायला सांगितलं. कारखाना वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया सिगारेटचा, म्हणून शाळेचं नाव वॉल्डॉर्फ. आज मुंबई, हैदराबादपर्यंत या पद्धतीच्या शाळा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी जायचं तर घरची मिळकत चांगली लागते. सुरुवात मात्र कामगारांच्या पोरांसाठी झाली होती, हे प्रवेशाच्या वेळी पालकांनी आणि शाळांनीही लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

मला त्याहून जवळचे वाटतात ते सेवाग्रामचे देवीप्रसाद. हे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आणि कुंभारकाम जाणणारे कलावंत. 1944 मध्ये ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत 1962 पर्यंत कला शिकवत राहिले. नई तालीम म्हटलं की आपल्याला टकळी, शेती, सफाई आठवते. तिथल्या खेड्यातल्या मुलांच्या हातात रंगही होते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. देवीप्रसादांनी मुलांची चित्रं जपली, त्यांवर विचार केला, आणि त्या अनुभवातून ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक लिहिलं. नॅशनल बुक ट्रस्टने ते काढलं आहे. पुस्तकाच्या नावातच त्यांचं म्हणणं आहे. जे लोक ‘कला हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणतात, त्यांनी सेवाग्रामचा तो काळ जरूर वाचावा. तिथे ना पैसा होता ना एसी स्टुडिओ.

आता अशा शाळेत नववीत नेमकं काय चालतं ते सांगते. वॉल्डॉर्फ पद्धतीत सकाळचे पहिले जवळजवळ दोन तास एकच विषय घेतात आणि तोच तीन-चार आठवडे चालतो. मुलं त्या विषयाची स्वतःची वही तयार करतात, मजकूर त्यांचा, आकृत्या त्यांच्या. नववीत रंग काही काळ बाजूला ठेवून काळ्या-पांढऱ्यात रेखाटन करायची या शाळांत रीत आहे. या वयात मुलाला सगळं एक तर काळं दिसतं नाही तर पांढरं, मधल्या छटा त्याने शोधाव्यात, असा त्यामागचा विचार.

आम्ही शाळा बघत फिरत होतो तेव्हा एका वर्गाच्या मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. खिडक्यांना तपकिरी कागद लावून अंधार केला होता. टेबलावर पांढरा कागद, त्यावर प्लास्टरचा एक गोळा आणि ठोकळा, बाजूला उंच धरलेला एकच दिवा. मुलांच्या हातात कोळशाच्या कांड्या, बोटं काळी, कुणाच्या नाकालाही काळं लागलेलं. एका मुलाने सावली सरसकट काळी करून टाकली होती. बाईंनी त्याच्या कागदाला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, ‘सगळ्यात काळं कुठे आहे ते जवळ जाऊन बघ आणि मला सांग.’ तो उठला, टेबलापाशी गुडघ्यावर बसला, बराच वेळ बघत राहिला. ‘बाई, गोळा टेबलाला टेकलाय ना, तिथे सगळ्यात काळं आहे. पण गोळ्याच्या खालच्या अंगाला जरा उजेड दिसतोय. दिवा तर वर आहे.’ मग वर्गात वाद सुरू झाला. हा उजेड येतो कुठून? एक मुलगी पुढे गेली आणि गोळ्याखालचा पांढरा कागद सरकवून तिथे काळा कार्डबोर्ड ठेवला. खालचा उजेड गेला. मुलं एकदम ‘अरे!’ म्हणाली. तो मुलगा जागेवर आला आणि रबराने गोळ्याच्या खालच्या कडेला एक फिकट कोर काढू लागला.

प्रकाशाच्या परावर्तनावर याहून चांगला पाठ मी पाहिलेला नाही, आणि तो चित्रकलेच्या तासाला झाला. त्या मुलाने पुढे चित्रकार व्हावं म्हणून हे नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं ते आणि समोर खरोखर दिसतं ते, यांतला फरक त्याने स्वतः शोधला. पुढे तो डॉक्टर झाला, वकील झाला, शेती केली, तरी ही सवय त्याच्या कामी येणार आहे. माझ्या मुलीला संख्याशास्त्र शिकायचं आहे. तिच्या आजोबांना अजून वाटतं की एवढी वर्षं नाटकात घालवून पोरगी आकडेमोडीकडे वळतेय म्हणजे शाळा वाया गेली. मला तसं अजिबात वाटत नाही.

आता ज्या गोष्टी शाळा आपणहून सांगत नाहीत, त्या विचारून घ्यायला हव्यात. पहिली गोष्ट दहावीच्या परीक्षेची. काही शाळा केंब्रिजच्या परीक्षेला बसवतात, काही राज्य मंडळाच्या, काही एनआयओएसच्या. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, 1989 मध्ये स्थापन झालेलं केंद्र सरकारचं मंडळ. तिथे दहावीला किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत चित्रकला हाही पूर्ण विषय म्हणून घेता येतो. कलेकडे ओढा असलेल्या मुलाला हे फार सोयीचं आहे. तरीही अकरावीच्या प्रवेशाला मागच्या तुकडीची मुलं कुठे गेली, कागदपत्रांना अडचण आली का, हे त्याच शाळेतून दहावी झालेल्या मुलांच्या पालकांना भेटून विचारा. शाळेने असे दोन-तीन पालक गाठून द्यायला खळखळ केली तर त्यातून काय ते समजा.

दुसरी गोष्ट गणित-विज्ञानाची. कलेच्या नावाखाली गणित कच्चं ठेवणारी शाळा मला चालत नाही. मुलांच्या वह्या मागा. सुंदर रंगवलेल्या पानाच्या पुढच्या पानावर बीजगणिताची उदाहरणं आहेत का, चुकलेली दुरुस्त केलेली आहेत का, बघा. वॉल्डॉर्फ शाळेत जात असाल तर आणखी एक विचारा. स्टायनर यांचं स्वतःचं एक गूढ तत्त्वज्ञान होतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना विज्ञानाचा आधार नाही. शाळा त्यांची शिकवण्याची रीत घेते की ते सगळं तत्त्वज्ञानही मुलांच्या गळी उतरवते, हे स्पष्ट विचारायला संकोच करू नका. चांगली शाळा सरळ उत्तर देते.

आणि मुलाला विचारा. तेरा वर्षांच्या मुलाची शाळा त्याला न विचारता बदलणं मला बरोबर वाटत नाही. मैत्रिणी तुटतात, बस बदलते, ‘तुमच्याकडे नंबर कितवा येतो?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तर नसतं. ते सोसायची मुलाची तयारी हवी.

वेगळी शाळा म्हणजे इंग्रजी माध्यम आणि लाखातली फी, ही समजूत मात्र काढून टाका. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद’ ही प्राथमिक शाळा मराठीतच सुरू केली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली कमला निंबकर बालभवन, पुण्याची 1992 मध्ये सुरू झालेली अक्षरनंदन, नाशिकची आनंद निकेतन या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. गाणं, हस्तकाम, नाटक, परिसरातला अनुभव हे सगळं त्यांनी मराठीतून आणि साध्या घरांतल्या मुलांना घेऊन केलं. इथली मुलं राज्य मंडळाची दहावीही देतात. अशा शाळांत मधल्या वर्गाला जागा सहसा नसते, बहुतेक प्रवेश खाली होतात. त्यामुळे ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी आठवीची वाट न बघता आत्ताच चौकशीला लागावं.

बहुतेक वाचकांना शाळा बदलणं शक्य नसेल, याची मला पूर्ण जाणीव आहे. गावात दुसरी शाळा नसते, फी झेपत नाही, अंतर परवडत नाही. त्यांना माझी वेगळी विनंती आहे. पुढच्या पालकसभेत टक्केवारीचा विषय निघण्याआधी हात वर करा आणि मुख्याध्यापकांना विचारा की नववीचा कलेचा तास कोणत्या वारी असतो, तो कोण घेतं, आणि गेल्या महिन्यात तो किती वेळा झाला. एकट्याने विचारायला अवघड वाटत असेल तर शेजारच्या बाकावरच्या दोघा-तिघांना आधीच सांगून ठेवा. चार पालकांनी एकाच सभेत हा प्रश्न विचारला तर शाळेला तो टाळता येत नाही.