आधी गच्ची, मग रंग



पावसाळा सरला की बासरपासून धर्माबाद-नांदेडपर्यंत गोदाकाठच्या गावांत रंगरंगोटीचे दिवस येतात. नाताळ जवळ आलेला असतो. वर पाहावे तर छतावर ओलीचा तपकिरी डाग! मग कोणीतरी सुचवते, "रंगाचे दोन हात मारा, झाकून जाईल."

तो झाकला जात नाही. झिरपणारे पाणी गंज, क्षार आणि मळ सोबत आणते. पाणी वाळते, ते मागे राहतात. वरून पाण्यात कालवायचा रंग दिला की डाग त्यात पुन्हा विरघळून वर येतो. म्हणून जाणता रंगारी आधी गच्चीवर चढतो. डाग दिसतो त्याच जागी वर भेग असते असेही नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत दूरवर जाते. भेग बुजवून छत वाळू द्यायचे. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. आतून दव धरले तर ओल अजून आहे. मग पोपडे खरवडायचे, ऑइलचा किंवा लाखेचा प्रायमर द्यायचा आणि शेवटी रंग.

लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवरील चट्ट्याचा नियम आहे. तेथे घरमालक स्वतः याजकाकडे जाऊन सांगतो. याजक तपासणीआधी घरातले सामान बाहेर काढायला लावतो, म्हणजे ते अशुद्ध ठरू नये. घर सात दिवस बंद राहते. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढतात, गिलावा खरवडतात आणि नवे दगड बसवतात. नियम कडक आहे, पण त्यात दया आहे. डाग दाखवणाऱ्याचे नुकसान होऊ नये, ही काळजी देवाने आधीच घेतली आहे.

आपल्या मंडळीत मात्र डाग दाखवणाऱ्यालाच गप्प बसवले जाते. हिशेबाबद्दल कोणी विचारले, कोणावर अन्याय झाला, दोन घरांत अबोला धरला, की आपण म्हणतो, "सणाच्या तोंडावर वाद नको, मंडळीची बदनामी होईल." घाईने हात मिळवून दिले जातात, फोटो काढला जातो. माझे स्पष्ट मत आहे की हा समेट नव्हे, हा नुसता रंग आहे. यहेज्केलाच्या १३ व्या अध्यायात कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना देवाने हेच बजावले आहे: पाऊस येईल आणि भिंत पडेल.

कोणी विचारील, प्रीती पापे झाकते असे पेत्र लिहितो, त्याचे काय? खरे आहे. प्रायमरही झाकतोच, पण गळती थांबल्यावर आणि छत वाळल्यावर. पाप कबूल झाले, भरपाई झाली, दुखावलेल्याचे ऐकून घेतले, की मग ती गोष्ट पुन्हा उकरायची नाही. तेच प्रीतीचे झाकणे. त्याआधीचे झाकणे म्हणजे लपवणे.

यंदा रंगाची वर्गणी काढण्यापूर्वी मंडळीच्या बैठकीत दोन प्रश्न विचारू या: गच्ची कुठे गळते? आणि आपल्यातला कोण दुखावलेला आहे? वेळ आणि पैसा अपुरा पडला तर भिंती या नाताळात जुन्याच राहू द्या. गोठ्यात जन्मलेल्या प्रभूला त्यांचे काही वाटणार नाही.